आमचे मालक आणि त्यांचा विस्तव

लातूरला ज्यांच्या माडीवर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहिलो, ते आमचे घरमालक दवाखान्यात कुणाला बघायला गेले की रोग्याच्या आधी खाटेखाली बघायचे. खाटेखाली पिशव्या असायच्याच. काळी पडलेली केळी, सुरकुतलेली सफरचंदं, बुरा धरलेली मोसंबी. मालक एकेक पिशवी ओढून काढायचे, तोंड उघडून रोग्याच्या नातेवाइकाला दाखवायचे आणि विचारायचे, हे कुणासाठी आणलंय. मग मालक सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आपल्याकडं फळ आणतेत रोग्याला आन् खातोय रोग्याचा साडू."

एकदा तिथं खरंच साडू बसला होता, केळ सोलत. त्याचं अर्धं केळ हातात तसंच राहिलं.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, ती पण पुरी नाही. आता नांदेडला लेकीकडं असतो. लेक म्हणली, बाबा, नुसतं भिंतीकडं बघत बसता, त्यापेक्षा काहीतरी लिहून काढा. गवंडी भिंतीकडं नाही बघणार तर कुठं बघणार. पण लिहायला बसलो आणि बायकोवर लिहावं म्हणलं, तर तिच्यावर लिहिता येईना. मालकावर येतंय. म्हणून मालकावर लिहितो. ती मागल्या थंडीत गेली. ती यात येईलच, ती कुठंही गप्प बसणारी नव्हती.

मालक मूळचे उदगीरचे, लिंगायत. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बिनबाह्यांची बंडी. गंजगोलाईच्या बाजूला भांड्याचं दुकान. दुकान पुढं पोरानं विकलं आणि तो पुण्याला गेला, मालक लातुरातच राहिले. कानडी आणि मराठी एकाच तोंडात. बायाबापड्यांना सरसकट 'अक्का' म्हणायचे, म्हातारी असो नाहीतर काल लग्न होऊन आलेली असो.

आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे फळ न्यायचं, हे सगळेच करतात. मालकाची रीत वेगळी होती. ते पिशवी ठेवून येत नसत. पिशवी ठेवून येणं म्हणजे शाळेत हजेरी लावून पळून जाणं, असं म्हणायचे. खिशात कापडात गुंडाळलेली बारकी सुरी, कागदाच्या पुडीत काळं मीठ आणि जिऱ्याची पूड. खाटेवर बसायचं, फळ कापायचं, रोग्याच्या तोंडात घालायचं, तो चावतो का बघायचं, मगच उठायचं. कुणी म्हणलं, आत्ता नको, मग खाईन, तर मालक म्हणायचे, मी बसतो. आणि खरंच बसायचे. रोग्याची बायको वैतागून जायची, नर्स हाकलायची, मालक हलत नसत. असे लोक मी बघितलेत की ज्यांनी मालक येताना दिसले म्हणून डोळे मिटून घेतले. मालक त्यांचे डोळे उघडेपर्यंत थांबले.

आणि फळ कच्चं नाही. भाजलेलं.

ही त्यांची दुसरी तऱ्हा. माझं एक घमेलं बुडाला फुटलं होतं, भंगारात टाकणार होतो. मालकानं ते मागून घेतलं, खिळ्यानं आणखी भोकं पाडली, परसात तीन विटा मांडून त्यावर ठेवलं. त्यात बाभळीचा कोळसा. तिथून पुढं त्या घरात जे काही आलं ते एकदा तरी त्या घमेल्यावर गेलं. वांगं, कांदा, रताळं, कणीस हे तर कुणीही भाजतं. मालक पेरू भाजायचे. केळ सालीसकट भाजायचे. अननसाच्या चकत्या. कच्चं सीताफळ राखेत पुरून. एकदा कलिंगड भाजायला गेले, त्यानं सगळा विस्तव विझवला. त्या दिवशी मालक कुणाशी बोलले नाहीत.

घाई त्यांना चालत नसे. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत काही ठेवायचं नाही. म्हणायचे, "जाळ नुस्ता बोलतो. काम विस्तव करतो." मी कामावरून भुकेला आलेलो असायचो आणि मालक सुपानं वारा घालत मला हे सांगत असायचे. काळं पडलेलं सगळं खरवडून टाकायचे, करपलेलं पोटात गेलं की रोग होतो म्हणायचे. तेल नाही, तूप नाही, फोडणी नाही. पचायला हलकं. पेरू खोकल्याला, केळ जुलाबाला, डाळिंब रक्ताला, सीताफळ अंगावर मांस चढायला. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. मालकीणबाई आतून म्हणायच्या, "मी सैपाक करते. हे जाळत बसतेत." आणि हे फारच लांबलं की कानडीत म्हणायच्या, "साकु, साकु." म्हणजे पुरे. मालकाला ते ऐकू येत नसे.

मला सिमेंटच्या धुळीनं खोकला असायचा, कायमचा. मालकानं एक अख्खा पावसाळा मला भाजलेला पेरू आणि काळं मीठ चारलं. खोकला कमी झाला. पेरूनं झाला का पावसाळ्यात काम बंद होतं म्हणून झाला, मला माहीत नाही. मालकाला माहीत होतं. त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

गल्लीच्या तोंडाला एक सीख कबाबवाला बसायचा. मालक कधी अंड्याला शिवले नाहीत, पण संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन उभं राहायचे. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे वास अंगावर येऊ नये. कबाबवाला हसायचा, "आओ सेठ, आज कोयला देखो कैसा है." मालक वाकून बघायचे, हात वर धरून धग घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून थांब. राख चढू दे." आणि तो थांबायचा. गिऱ्हाईक बोंबलत उभं, आणि हा एका भस्म लावलेल्या माणसाच्या शब्दावर थांबलेला. मी एकदा मालकाला विचारलं, तुम्ही खात नाही, मग तुम्हाला काय करायचं. मालक म्हणले, "खाणारा खाईल. विस्तवानं काय पाप केलंय?"

पुण्याच्या पोरानं एका दिवाळीत चाकाची लोखंडी शेगडी आणली. बार्बेक्यू म्हणतात. चकचकीत, वर झाकण, खाली कप्पा. पोराचे मित्र आले होते, पनीर सळयांना टोचून तयार. पोरानं कोळशावर बाटलीतलं काहीतरी ओतलं आणि काडी लावली, भडका झाला. मालक ताटावरून उठले. म्हणले, मी रॉकेल खात नाही. पोरगा बापाला म्हणला, दादा, रॉकेल नाही ते. मालक म्हणले, मग वास कशाचा येतोय, मोगऱ्याचा? त्यांनी सगळा कोळसा बाहेर काढून टाकला, माझ्या घमेल्यातला विस्तव त्या शेगडीत भरला आणि सगळ्यांना थांबायला लावलं. थांबून थांबून पाहुण्यांनी चिवडा संपवला. शेवटी अननस भाजून दिला तो मात्र सगळ्यांनी मागून खाल्ला, पोरानं पण. ती शेगडी नंतर मालकीणबाईंनी पापड वाळवायला घेतली.

सणासुदीला, लग्नाकार्याला मालक फळच न्यायचे. पेढे नाहीत, पाकीट नाही. लोक तोंडावर काही बोलत नसत. एकदा मात्र बोलले. उदगीरला मालकाच्या पुतणीची ओटी भरायची होती, सातव्या महिन्याची. मालकीणबाईंना सोबत हवी म्हणून आमची घरची पण गेली होती. मी नव्हतो, तिनं सांगितलेलं लिहितो. हिरवा चुडा, हिरवी साडी, पाटावर पोरगी बसलेली, बाया गाणी म्हणतायत. मालक आत आले आणि पोरीच्या पुढ्यात टोपली ठेवली. पपया. चांगल्या पिकलेल्या, हातानं वेचून आणलेल्या.

पोटुशा बाईला पपई कुणी दाखवत पण नाही. सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मालकाला माहीत नव्हतं असंही नाही. त्यांच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की पपई पोटाला चांगली, डोळ्याला चांगली. गाणी बंद पडली. पोरीची सासू उठली आणि म्हणली, पोरीच्या जिवावर उठलाव का. आता गप्प बसावं का नाही. मालक तिला पपईचे गुण सांगायला लागले. एक सांगितला, दोन सांगितले. जेवढे गुण सांगावेत तेवढी सासू पेटायला लागली. मालकीणबाईंनी पदरात तोंड घातलं.

आमच्या घरचीनं उठून टोपली कमरेवर घेतली आणि म्हणली, "अहो, ही माझी टोपली. मला पोट साफ होत न्हाई म्हणून मालकानं आणली. ह्या पुरुषमाणसाला कुठं काय ठेवावं कळतंय का?"

बाया हसल्या. सासू पण बसली. पोरीपुढं नारळ आला, गाणी पुन्हा सुरू झाली. घरची टोपली मांडीवर घेऊन यष्टीनं लातूरला आली आणि पुढं किती दिवस आमच्या घरात पपईच. मी म्हणलं, फेकून दे. ती म्हणली, "मी एवढ्या बायांत पोट साफ होत न्हाई म्हणून सांगून आले. आता फेकून कसं देऊ?"

तेव्हापासून मालक तिला मानायला लागले. बाकी कुणी विस्तवावर मत दिलेलं त्यांना चालत नसे. ती जिन्यावरून जाता जाता म्हणायची, मालक, पेरू उलटा, एका अंगानं गेला. मालक मुकाट उलटायचे.

मग ती आजारी पडली. सकाळी उठली की तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, अन्नावर मन नाही. गल्लीतल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. मालक म्हणले, अशक्तपणाला गोळी कशाला, मी आहे. सकाळी शहाळं, दुपारी भाजलेलं केळ, संध्याकाळी मोसंबी. रोज. जिना चढून स्वतः यायचे, गुडघे दुखत असताना. स्वतः कापून चारायचे. तिला खायचं नसायचं तरी ती खायची, कारण मालक बसून राहायचे.

एका दुपारी ती खाटेवरून उठायला गेली आणि उठताच येईना. हातापायात जोरच नाही. छाती धडधडायची, मधेच थांबल्यासारखी व्हायची. मी आणि मालकानं रिक्षात घातली आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं, छातीला वायरी लावल्या, पळापळ झाली. किडन्या गेल्यात म्हणले. रक्त साफ करायची मशीन लावावी लागेल. रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार एवढा वाढला होता की काळीज बंद पडलं असतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं बाहेर येऊन विचारलं, ही खात काय होती.

मालकानं सांगितलं. शहाळं, केळ, मोसंबी. छाती पुढं काढून सांगितलं, त्यांना वाटलं डॉक्टर शाबासकी देणार.

डॉक्टर म्हणला, "बाबा, चांगल्या माणसाला हे चांगलं. हिची किडनी क्षार बाहेर टाकत नाही. हिला केळ म्हणजे विष."

मालकानं विचारलं, "केळ?"

डॉक्टर म्हणला, हो, केळ. शहाळं पण, मोसंबी पण.

"भाजलेलं होतं," मालक म्हणले.

डॉक्टर म्हणला, भाजून काही होत नाही. आणि माझ्याकडं वळून मला बोलायला लागला, की घरात काय चाललंय याच्यावर तुमचं लक्ष नको का. मालक मधे आले. म्हणले, "ह्येनला बोलू नका. दिलं मी. रोज मीच दिलं."

मला राग होता. होता म्हणजे होता, तो काही मी लपवणार नाही. पण मी काही बोललो नाही, कारण मालक तिथंच भिंतीला टेकून खाली बसले होते.

ती वाचली. आठवड्यातून दोनदा मशीन सुरू झाली. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाही. भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा शिजवायची. गवताला सुद्धा त्यापेक्षा चव असेल. दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सफरचंदाची एखादी फोड चालेल म्हणल्या, बाकी फळ दाखवू नका. आणि म्हणल्या, यांनी जेवलंच पाहिजे. जेवल्या नाहीत तर अंगातलं मांस झडेल आणि मग मशीन सोसणार नाही. म्हणजे आता सगळं जेवणावर आलं होतं.

आणि ती जेवेना. दोन घास घ्यायची आणि ताट सारायची. मी रागावलो, हात जोडले, लेक देगलूरहून येऊन चारून गेली, तेव्हा ती तिथं राहायची. काही उपयोग नाही. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर जायला लागली.

खाली परसात घमेलं पालथं पडलेलं. मालकानं विस्तव पेटवणं सोडलं होतं. मालकीणबाई सांगायच्या, ह्यांनी बाजारात जाणं सोडलं, फळाचा गाडा दिसला की रस्ता बदलतेत. कबाबवाला घरी विचारून गेला, सेठ की तबियत ठीक है ना. आणि मालक माडीवर येत नव्हते. दवाखान्यातून आल्यापासून एकदाही नाही. लोक पिशव्या घेऊन वर यायचे. कुणी शहाळं आणायचे, कुणी मोसंबी. किती सांगितलं तरी आणायचेच. मी त्या पिशव्या जिन्यावरूनच परत करायचो. सगळे येऊन गेले, खाली राहणारा माणूस तेवढा आला नाही.

ती म्हणली, मालकाला बोलवा.

मी खाली गेलो. मालक ओट्यावर बसले होते. मी निरोप सांगितला. मालक माझ्याकडं न बघता म्हणले, "कोणत्या हातानं येऊ? रिकाम्या हातानं रोग्याकडं मी जन्मात गेलो न्हाई. भरल्या हातानं आलो तर तिचा जीव जातोय."

मी वर येऊन हे तिला सांगितलं. ती भिंतीला धरून उठली, खिडकीपर्यंत गेली. खिडकी परसावर उघडते. तिला श्वास पुरत नव्हता, तरी तिनं वरून आवाज दिला.

"मालक. वर या. तुमचे हात कोण बघायलंय?"

गल्लीतल्या दोन बायांनी वर बघितलं. मालक आले. जिना चढायला त्यांना लई वेळ लागला. दारात उभे राहिले, दोन्ही हात बंडीच्या खिशात. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. ती म्हणली बसा, तर बसले. मालकानं भावाला पत्र लिहावं तसं विचारलं, तब्येत कशी आहे. ती म्हणली, बघताव की.

मी चहा करायला उठलो, तिला चालत नाही म्हणून बसलो.

मग तिनं विचारलं, "आज काय भाजलं?"

"काय न्हाई."

"काहून?"

मालकानं खिशातले हात आणखी खोल घातले. ती म्हणली, "मरायली मी आन् विस्तव तुमचा विझला, ही कुठली रीत?"

मालक म्हणले, "अक्का, तुला खायला चालत न्हाई."

"खात न्हाई मी. कुणी म्हणलं खाते म्हणून. तुमी खाली भाजा, वास वर येऊ द्या. हे पाण्यात धुतलेलं अन्न मी त्या वासावर खाते. वासात काय क्षार असतोय का?"

मालकानं माझ्याकडं बघितलं. मला काय माहीत. मी गवंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दवाखान्यात गेले, एकटे. आहाराच्या मॅडमना गाठलं आणि विचारलं की किडनीच्या रोग्याला भाजलेल्या पेरूचा वास चालतो का. मॅडमना पहिल्यांदा कळलंच नाही. कळल्यावर हसल्या म्हणे. वास चालतो म्हणल्या, धूर मात्र छातीत जाऊ देऊ नका. मालक परत आले ते परसात चारी कोपऱ्यांत उभं राहून वारा बघायला लागले. उदबत्ती लावून बघितली, धूर कुठं जातो ते. मला हाक मारून खिडकीत उभं केलं आणि खालून विचारत राहिले, आला का, आता आला का. धूर गल्लीत जाईल आणि वास खिडकीत येईल अशी जागा त्यांनी हुडकली, न्हाणीच्या भिंतीला लागून. तिथं विटा मांडल्या, घमेलं सरळ केलं. कोळशावर राख चढेपर्यंत वर काही येऊ दिलं नाही. मग पेरू ठेवला.

मी तिचं ताट वाढून बसलो होतो. तिनं डोळे मिटले. म्हणली, आला.

आणि घास घेतला.

पुढं रोज हेच. तिच्या जेवणाच्या वक्ताला मालक खाली वारा घालत बसायचे. ती वर ताट घेऊन खिडकीशी. बोलणं खिडकीतून. आज कशाचा आहे ते ती ओळखायची. सीताफळ, अननस, कधी कणीस. मालक मुद्दाम दोन चीजा एकत्र ठेवायचे, तिला ओळखता येतं का बघायला. ती ओळखायची आणि वरून म्हणायची, "रताळं लपवलंव व्हय राखेत?" मालक खालून म्हणायचे, जेव तू, परीक्षा घेऊ नको. करपलं की तिला आधी कळायचं, मालकाला नंतर. ती ओरडायची, गेला, गेला, उलटा. भाजलेलं सगळं गल्लीतल्या पोराबाळांना जायचं, मालक स्वतः खात नसत. केळ मात्र त्यांनी त्या घमेल्यावर पुन्हा ठेवलं नाही.

सगळं ताट रोज संपायचं असं नाही. पण ती खायची. मशीनवाले म्हणले, वजन धरलंय. आहाराच्या मॅडमनी मला विचारलं, काय केलंत. मी म्हणलं, आमच्या मालकाला विचारा. त्या पुन्हा हसल्या.

उन्हाळा निघाला, पावसाळा निघाला. डॉक्टरनं सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं. थंडीत तिच्या छातीत पाणी झालं आणि दवाखान्यातच गेली. तिथं खिडकी होती, पण ती उघडत नव्हती.

लोक आले. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणतात. मालकीणबाईंनी पिठलं-भाकरी आणली, लेकीनं चारली, मी खाल्ली. दिवस झाले. पाहुणे गेले. लेकीच्या घरी पोरं होती, तिला पण मी पाठवून दिलं. म्हणलं, माझं मी करून खाईन. मला स्वयंपाक येतो, तिच्या आजारात शिकलो होतो. पण केलं नाही. कुणासाठी करायचं म्हणून नाही. उठावंच वाटेना.

दुपारी खाटेवर पडलो होतो. वास आला. पेरूचा.

मी पहिल्यांदा तसाच पडून राहिलो. मग उठून खिडकीशी गेलो. खाली मालक न्हाणीच्या भिंतीशी बसलेले, सुपानं वारा घालत. नेहमीच्या वक्ताला, नेहमीच्या जागी. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला.

मी म्हणलं, "मालक. ती न्हाई आता."

मालकानं वर बघितलं नाही. "ठाऊक हाय मला," म्हणले. वारा घालत राहिले. मग म्हणले, "काल तुमच्याकडं चूल पेटली न्हाई. परवा बी न्हाई. आमच्या घरातली सांगायली."

मी मागं वळून थंड चुलीकडं बघितलं.

"तुमच्या किडन्या नीट हाईत ना?"

मी म्हणलं, हाईत.

"मंग खाली या."

गेलो. मालकानं पाट सरकवला. पेरू विस्तवावरून काढला, काळं खरवडलं, चार फाका केल्या, मीठ-जिरं लावलं आणि एक फाक माझ्या तोंडापुढं धरली. मी हातात घ्यायला गेलो तर देईनात. तोंडातच घातली आणि चावतो का बघत बसले.

"जास्त भाजला," मी म्हणलं. "एका अंगानं गेलाय."

मालकानं टोपलीतून दुसरा पेरू घेतला आणि विस्तवावर ठेवला.